‘ळ’चा माठ

एका जंगलात, मुलांनो, पाणी कमी होते, पण संगणक होता.

उन्हाळ्यात तळे आटले, तेव्हा सिंहमहाराजांनी हुकूम काढला. प्रत्येक अक्षराचा एक माठ. ज्याचे नाव ज्या अक्षराने सुरू होते, त्याने त्या माठातून प्यावे. भांडणच नको.

अक्षरे मांडायचे काम पोपटाकडे गेले. तो संगणकाची एक नवी भाषा शिकून आला होता. तिच्यात एकेक अक्षर लिहीत बसत नाहीत. दोन टोके सांगायची, मधली सगळी रांग एका फटक्यात उभी राहते. पोपटाने सांगितले, ‘क ते ह’. रांग उभी राहिली. दरबाराने टाळ्या वाजवल्या.

सकाळी अस्वलबाई पिल्लाला घेऊन आल्या. त्याची जीभ बाहेर लोंबत होती.

“‘अ’चा माठ कुठाय हो?”

“‘अ’ नाही,” पोपट म्हणाला. “रांग ‘क’पासून सुरू होते.”

“अहो, ‘अ’ आधी येतो. बालवाडीतलं पोरही सांगेल.”

“बालवाडीला दरबारात कुणी विचारलेलं नाही.”

मागे उंट आणि उंदीर उभे होते. त्यांचा ‘उ’ही रांगेत नव्हता. एक माठ मात्र काठोकाठ भरलेला होता, आणि त्याच्यापाशी कुणीच नव्हते.

“हा कुणाचा?” अस्वलबाईंनी विचारले.

“‘ळ’चा. संगणकाच्या रांगेत तो ‘ह’च्या आधीच येतो.”

“‘ळ’वरून कुणाचं नाव सुरू होतं?”

“अजून कुणी आलेलं नाही. म्हणून तर पाणी शिल्लक आहे. याला नियोजन म्हणतात.”

मुलांनो, इथे मला पोपटाचा फार राग येतो. पण त्याला त्याचे काही नाही.

अस्वलबाई झाडामागे गेल्या आणि लगेच परत आल्या.

“नाव?” पोपटाने विचारले.

“ळस्वलबाई.”

पोपटाने संगणकात पाहिले. अक्षर रांगेत होते.

“प्या,” तो म्हणाला.

मग ळुंट आला. ळुंदीर आला. ‘ळ’चा माठ रोज रिकामा होऊ लागला. महाराजांनी पोपटाला शाल दिली. ज्या अक्षराला कुणी नव्हते, त्याचीही प्रजा त्याने शोधून काढली होती.

पुढे तळे भरले आणि माठ उचलले गेले. पिल्लू मात्र अजून ‘ळाई’ अशीच हाक मारते. अस्वलबाईंनी एकदा त्याला जवळ घेऊन सांगितले, “आता ‘आई’ म्हण बाळा.”

“नको,” पिल्लू म्हणाले. “पाणी मिळायचं नाही.”

तात्पर्य: रांग कधी चुकत नसते, मुलांनो. आईच चुकीच्या अक्षराने सुरू होते.