कॅपुचिनो लागली आहे

आत्ताआत्तापर्यंत गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉफीच्या दुकानात तुम्ही पहिल्यांदा आला असतात, तर दचकला असतात. "लक्ष द्या! रोहन यांची कॅपुचिनो काउंटरवर लागली आहे. रोहन यांनी त्वरित यावे!" असा खणखणीत पुकारा झाला असता आणि तुमच्या हातातला कप हिंदकळला असता. घाबरायचं कारण नव्हतं. ते आमचे देवरेनाना.

नाना एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे. वणी, सटाणा, लासलगाव, पेठ... सगळा जन्म माईकपुढे गेला. रिटायर झाल्यावर सकाळी इथल्या कोपऱ्यात येऊन बसू लागले.

इथली रीत अशी होती, की बिल करताना आपलं नाव सांगायचं. कॉफी झाली की काउंटरवरची प्राजक्ता ते नाव पुकारायची. पण पोरीचा आवाज देवघरात बोलल्यासारखा, त्यात मशीनची घरघर. लोक मोबाइलात डोकं घालून बसलेले आणि तिकडे कॉफी थंड. नानांना ते बघवेना, म्हणून तिनं घेतलेलं नाव ते खणखणीत पुकारू लागले. पुकारा ऐकू न येता कुणाची गाडी सुटणं, हे त्यांच्या लेखी पापच!

एक बाई एकदा भडकल्या, "अहो काका, हा कॅफे आहे की स्टँड?"

"ताई, गाडी सुटल्यावर मलाच बोलला असता," नाना शांतपणे म्हणाले.

मी विम्याची कामं करतो, गिऱ्हाइकांना इथेच बोलावतो. समोरच्याला मरणाचं गांभीर्य पटवत आणावं, तर मागून "कोल्ड कॉफी लागली आहे" व्हायचं आणि तो हसत सुटायचा. धंद्याचं वाटोळं! तरी मी टेबल बदललं नाही. माणूसच तसा लाघवी.

एक गंमत मात्र मला कळत नव्हती. स्वतःची कॉफी आली की नाना गप्प. प्राजक्ता पुकारायची, "सुमन!" नाना हलायचे नाहीत. ती पुन्हा पुकारायची, "सुमन!" मग हे झुपकेदार मिशांचे गृहस्थ सावकाश उठायचे. पोरं खुसूखुसू हसायची. शेवटी मी विचारलंच, "नाना, हे काय नाव सांगता?"

"आमच्या घरातलं माणूस," ते म्हणाले. "दोन दिवाळ्या झाल्या जाऊन." कप फिरवत पुढे म्हणाले, "जिल्ह्यातल्या सगळ्या गावांची नावं घेतली हो माईकवर. तिचं नाय घेतलं. आमच्यात बायकोला नावानं हाक मारायची म्हणजे लाज. लग्नात घास भरवताना उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही पाठ करून. पुढं सगळा संसार 'अगं ए' आणि 'ऐकलं का' यावरच निघाला. आता ही पोरगी रोज घेते. बरं वाटतं कानाला."

पुढ्यातला फॉर्म मी मिटून बॅगेत ठेवला. विम्याचा माणूस सहसा असं करत नाही.

गेल्या महिन्यात मालकांनी स्क्रीन बसवला. नाव सांगायचं नाही, पुकारायचं नाही. टिंग वाजतं, नंबर झळकतो, लोक मुकाट्यानं कप उचलतात. नाना बिलाचा कागद हातात धरून काउंटरपाशी उभे राहिले.

"नाव नाही विचारलंस, बाळा?"

"नाना, आता नंबरच असतो. सरांनी बजावलंय, नाव पुकारायचं नाही." प्राजक्ताचा चेहरा पडला होता.

नाना कोपऱ्यात जाऊन बसले. टिंग वाजलं. नंबर झळकला. त्यांची कॉफी काउंटरवर तशीच वाफाळत राहिली आणि ते तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, खड्ड्यात गेला तो मालक, आपणच उठावं आणि ओरडावं.

तेवढ्यात नाना उभे राहिले. शर्ट नीट केला, घसा खाकरला. सगळ्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. आता पुकारा होणार म्हणून प्राजक्तानं मशीनसुद्धा बंद केलं.

"सुमन," नाना म्हणाले.

अख्ख्या स्टँडला पुरणारा तो आवाज जेमतेम माझ्या टेबलापर्यंत आला. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, कुणी ओ देईल म्हणून थांबावं तसे. मग स्वतःच जाऊन कॉफी घेऊन आले.