सहा नंबरचा पट्टा

आमच्या कारखान्यात रसायनांच्या टाक्या आतून धुणारी जी टोळी आहे ना, तिच्याइतकी शिस्तीची टोळी शोधून सापडायची नाही. आणि ती शिस्त लावली कोणी? मी! सुरक्षा अधिकारी!

डोक्यापासून पायापर्यंत बंद सूट घालून ही माणसं टाकीत उतरतात. वारा लागायला इवलीशीही फट नाही. मागच्या उन्हाळ्यात आमचा पैलवान आत चक्कर येऊन पडला आणि चार दिवस दवाखान्यात होता. त्याला मीच उचलून बाहेर काढला. तेव्हाच ठरवलं, पुन्हा हे होऊ द्यायचं नाही. शोधून शोधून छातीला बांधायचे सहा पट्टे नमुन्यादाखल आणले. ते अंगातली उष्णता आणि ठोके मोजतात; माणूस प्रमाणाबाहेर तापला की पडद्यावर त्याचा नंबर लाल होतो आणि भोंगा वाजतो. सगळ्या टोळीसाठी असे चाळीस पट्टे हवे होते. मंजुरी द्यायची की नाही, हे कारखान्याच्या मोठ्या मॅडम स्वतः प्रात्यक्षिक बघून ठरवणार होत्या.

महिनाभर टोळीला घासून तयार केलं. "लाल झालेला माणूस म्हणतो, मी बरा आहे. ऐकायचं नाही! मग तो चिडतो. तेही लक्षणच! उचलायचा, कपडे कापायचे आणि थेट बर्फाच्या पाण्यात!"

"साहेब असला तरी?" पैलवानाने विचारलं.

"साहेबाचा साहेब असला तरी!"

त्या दिवशी सकाळी मी लग्नातला कोट बाहेर काढला. बायको म्हणाली, "अहो, नका घालू. बटणं लागत नाहीत, आणि त्या पत्र्याच्या शेडमध्ये उकडून निघाल."

"तुला कारखान्यातलं काय कळतं?" असं म्हणून मी श्वास रोखून तिन्ही बटणं लावली. मॅडमना दाखवायला म्हणून शर्टाच्या आत एक पट्टाही बांधला. नंबर सहा.

दुपारी दोन वाजता टोळीतले पाच जण पट्टे बांधून, वर सूट घालून शेडभर पिंपं ढकलत होते. मी पडद्यापाशी, मॅडमच्या शेजारी. "बघा मॅडम, एक ते पाच, सगळे हिरवेगार! आमची टोळी म्हणजे..."

भोंगा वाजला. सहा नंबर लाल!

"सहा कोण?" मॅडमनी विचारलं.

मीही इकडेतिकडे बघायला लागलो. आठवेपर्यंत पाच पिवळे सूट माझ्यावर तुटून पडले होते.

"अरे, मी बरा आहे!"

"बरा आहे म्हणाले!" पैलवान ओरडला. "पहिलं लक्षण!"

"गाढवांनो, सोडा मला!"

"दुसरं लक्षण! उचला! साहेब, आज वार कोणता?"

"मंगळवार!"

"बुधवार आहे, साहेब," तो कळवळून म्हणाला आणि त्याने कात्री मागितली.

कोट पाठीवर उभा फाडला. शर्ट गेला. मग धप्प! मी गळ्यापर्यंत बर्फात!

"दोन मिनिटं चाळीस सेकंद," मॅडम घड्याळाकडे बघत म्हणाल्या. कारखान्याच्या डॉक्टरांनी मला तपासलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "अजून दहा मिनिटं गेली असती तर हे खरोखरच आडवे झाले असते."

पैलवानाने माझं डोकं पाण्यावर धरून ठेवलं होतं. "मागच्या वर्षी तुम्ही मला उचललंत, साहेब," तो म्हणाला. "आज माझी पाळी." माझे दात कडकड वाजत होते, अंगावर फाटकं बनियन होतं, पण खरं सांगतो, नोकरीत इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता!

घरी बायकोने कोटाचे दोन तुकडे उलटसुलट करून बघितले. "पट्ट्याला दुपारी दोनला कळलं होय? मी सकाळी आठलाच सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी मंजुरीचा कागद आला. मी चाळीस पट्टे मागितले होते, मॅडमनी एक्केचाळीस दिले. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : चाळीस सूट घालणाऱ्यांना, एक कोट घालणाऱ्याला.