उत्तम दर्जाचा दगड

ओढ्याची प्रकृती ही पाण्यापेक्षा पाणी तपासणाऱ्याच्या स्वभावावर जास्त अवलंबून असते. आमचा स्वभाव मुळात प्रेमळ. त्यामुळे वस्तीमागच्या ओढ्याला आम्ही कधी आजारी पडू दिलं नाही.

स्वयंसेवक म्हणून आमचं प्रशिक्षण अगदी शास्त्रशुद्ध झालं. जीवशास्त्राच्या निवृत्त बाईंनी गुडघाभर पाण्यात उभं राहून शिकवलं: समोर येईल तो दगड उचला, उलटा करा. खाली तीन शेपट्यांची अळी असेल तर पाणी निरोगी. नुसत्या लाल अळ्या वळवळत असतील तर आजारी. दगड मात्र निवडायचा नाही. हे तत्त्व आम्ही काटेकोरपणे पाळलं. (पहिल्या रविवारी.) जिकडेतिकडे लाल अळ्या! एवढे नवे कोरे गमबूट घालून आलो ते ह्यासाठी? सगळ्यांची तोंडं उतरली.

शेवटी आमच्यातल्या दंतवैद्यांना पुलाखाली, जिथे एक बारीक झरा ओढ्यात मिसळतो, तिथे एक दगड सापडला. खाली तीन शेपट्या! तेव्हापासून दर रविवारी आम्ही तोच उचलतो. (न निवडताच. हात आपोआप तिकडे जातो.) दंतवैद्यांच्या अनुभवानुसार, न दुखणारा दात तपासला की पेशंटही खूश आणि डॉक्टरही.

हरकत घेतली ती एकट्या माझ्या वहिनींनी.

"भाऊजी, वरून लॉन्ड्रीचं पाणी येतंय. एवढा फेस दिसत नाही का तुम्हाला?"

"फेस आम्हाला शिकवलेला नाही, वहिनी."

यथावकाश आमच्या अहवालांवरून नगरपालिकेने काठावर 'पाणी : उत्तम' असा फलक लावला आणि ओढा मुलांना डुंबायला खुला केला.

"मग तुमच्या लाडक्या पुतणीला सोडू पाण्यात?" वहिनींनी विचारलं. "माझ्याकडे बघून सांगा."

मी फलकाकडे बघितलं. "तिला सर्दी झालीय ना?"

"कधी?"

"होईल."

उद्घाटनाच्या दिवशी आमच्यापैकी झाडून सगळ्यांच्या मुलांना सर्दी होती. (साथ असावी.) वहिनी मात्र काठावर आल्या आणि रडवेल्या आवाजात ओरडत सुटल्या, "अहो, पोरांना बाहेर काढा! अंगावर फोड उठतील त्यांच्या!" पण माझ्यावर बोलायची वेळच आली नाही, कारण वाचकहो, त्यांना तुम्हीच गप्प केलंत. "तपासणाऱ्यांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?" असं म्हणून तुम्ही तुमच्या धाकट्याला आणखी थोडं खोल पाण्यात उतरवलंत.

आमच्यावर एवढा विश्वास आमच्या घरचेसुद्धा ठेवत नाहीत.