दोन कार्डांची प्रतवारी

दुकानात रिकामं बसायचं नाही, एवढंच मी ठरवलं. पुढे जे झालं त्याचा दोष मी अजूनही माझ्याकडे घेत नाही.

माझं शिक्षण चौथी. पण हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये अडतीस वर्षं मी कापसाची प्रतवारी केली. चिमटीत धागा ओढला की कापूस कोणत्या गावचा ते सांगायचो. (एकदा चुकलो. त्या दिवशी अंगात ताप होता.) ते काम सुटल्यावर मुलाच्या, गजेंद्रच्या दुकानात खुर्ची टाकली. तो केबलवाल्यांचे डिशचे रिसिव्हर दुरुस्त करतो.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात त्यानं नागपूरहून रिसिव्हरमध्ये घालायची नमुन्याची दोन कार्डं आणली. दोन कंपन्यांची, दिसायला सारखी. त्यांत कॉम्प्युटरवरून पाहिजे ते भरायचं आणि दुरुस्त झालेला रिसिव्हर कार्ड वाचतो का, ते पाहायचं. कोणतं कार्ड मागवायचं ते व्यापाऱ्याला चार वाजेपर्यंत कळवायचं होतं, आणि गजेंद्रला वर्ध्याला जाणं आलं.

"बाबा, कार्डाले हात नका लावजा. मी आल्यावर पाह्यतो."

"काऊन? मले कळत नाई?"

"हे कापूस नोहे, बाबा."

"तपासणं सारखंच असते. चुकलो तं उद्यापासून या खुर्चीत बसणार नाई."

"बरं, तपासा," तो म्हणाला आणि गेला. (फार लवकर कबूल झाला, हे माझ्या ध्यानात आलं.)

दोन्ही कार्डांवर कंपनीच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या. त्या मी आधी काढल्या. नाव पाहून माल पारखणारा माणूस बेइमान. आमच्याकडे नमुना निळ्या कागदात गुंडाळून येई आणि नाव मुनीमजीकडे राही. इथं मुनीमजी नव्हते, म्हणून चिठ्ठ्या नालीत टाकल्या. एक कार्ड डाव्या हाताला ठेवलं, एक उजव्या.

तीन रिसिव्हर होते. प्रत्येकात दोन्ही कार्डं घालून पाहिली. सगळीकडे चित्र आलं. दुसरा कोणी असता तर 'दोन्ही सारखी' लिहून मोकळा झाला असता. मी पानभर लिहिलं. डावं कार्ड : चित्रात पिवळी झाक, आवाजाला ताकद कमी. उजवं कार्ड : सफेदी उत्तम, कचरा नाही, आवाज लांब धाग्याचा. निकाल : उजवं.

साडेतीनला गजेंद्र आला. आमच्या सौ. सुलोचनाबाई चहाचा थर्मास घेऊन आल्या होत्या, आणि केबलवाले रूपराव रिसिव्हर न्यायला बसले होते. गजेंद्रनं पान वाचलं.

"चॅनल कोणतं लावलं होतं?"

"बातम्याचं. सरकारी. भरवशाचं."

त्यानं रिसिव्हरमधलं कार्ड उपसलं. पडद्यावरची बाई बातम्या वाचतच राहिली. त्यानं दुसरा रिसिव्हर कार्डाशिवाय लावला. बाई वाचत होती. तिसऱ्यातही तेच.

"बाबा, हे चॅनल फुकट हाय. त्याले कार्ड लागतच नाई."

रूपराव पडद्याकडे पाहत म्हणाले, "पर सफेदी खरंच चांगली हाय, काका. कार्ड काढल्यावर तं आणखी वाढली."

"मंग रिसिव्हर चांगले दुरुस्त झाले, असं लिह," मी गजेंद्रला म्हटलं.

"आन् चिठ्ठ्या कुठं हायेत?"

"नालीत."

त्यानं व्यापाऱ्याला फोन लावला आणि नमुने पुन्हा पाठवायला सांगितले. कारण सांगितलं नाही. तेवढी शरम त्यानं राखली.

मी उठलो. शब्द म्हणजे शब्द. खुर्ची खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसली, घडी केली, भिंतीला टेकवली. 'बसा' म्हणायला मुलाला पुरेसा वेळ दिला. तो रिसिव्हरचे स्क्रू पाहत राहिला.

"घरी चाललो," मी म्हणालो.

सुलोचनाबाईंनी थर्मास खाली ठेवला आणि खुर्ची उघडली. "बसा."

"मी शब्द देला हाय."

"मले इचारून देलता? तुमी दुकानात बसता तं मी आठ महिने झाले सुखानं सैपाक करून राह्यली. घरी बसान तं माह्या पोयीचाही धागा ओढून पाहान." मग मुलाकडे वळल्या. "गजू, याईले रोज दोन कार्डं देत जाजो."

मी बसलो. बायकोचा शब्द मोडणं आमच्या घराण्यात नाही.

आता रोज सकाळी गजेंद्र मला दोन जळकी कार्डं काढून देतो. मी रोज पानभर लिहितो. आजवर माझा एकही निकाल त्यानं खोटा ठरवलेला नाही.