कडककाकांच्या ताब्यातले कोट

कडककाकांच्या धाकट्या मुलीचं लग्न एकदा मोडून पुन्हा त्याच मुलाशी जुळलं, त्या वर्षीच्या थंडीतली ही गोष्ट. घरात आधीच कोणाचा कोणावर विश्वास उरला नव्हता. त्यात थोरल्या मुलाने घरच्या लाँड्रीच्या काउंटरवर पावत्या छापणारं यंत्र आणून ठेवलं आणि वडिलांना सांगितलं, "बाबा, आता तुम्ही घरी आराम करा."

आराम! पांढऱ्या शर्टावर कोणी शाई सांडावी, तसा तो शब्द कडककाकांच्या कानात पडला.

‘कडक’ हे नाव त्यांना इस्त्रीमुळे पडलं की स्वभावामुळे, यावर गल्लीत दोन तट होते. स्वतः काकांना विचारलं, तर "कोण विचारतंय? आणि कशाला?" असा उलट सवाल यायचा. काकांचा जगात फक्त स्वतःच्या स्मरणशक्तीवर विश्वास होता. उभा जन्म काउंटरवर गेला, पण त्यांनी पावती म्हणून फाडली नाही.

"माणूस आत आला की मला त्याचा कपडा दिसतो," ते सांगायचे. "पावती हरवते, फाटते, कोणी पळवतो. हे डोकं कोणी पळवलंय का?"

डोकं कोणी पळवलं नव्हतं, पण त्याच महिन्यात ते जरा इकडेतिकडे फिरून आलं होतं. वकिलांचा काळा कोट काकांनी हॉटेलातल्या वाढप्याला दिला आणि वाढप्याचा वकिलांना. वकिलांनी भर कोर्टात पुरावा काढायला खिशात हात घातला आणि हातात मेनूकार्ड आलं! म्हणून ते यंत्र.

काकांची सून शाळेत खेळाची शिक्षिका. ती दर थंडीत एक मॅरेथॉन भरवायची. मॅरेथॉन कसली, नुसता साधा मामला! पदक नाही, टी-शर्ट नाही, बॅनर नाही. सुरुवातीची रेघ खडूने मारायची, नंबर मार्करने दंडावर लिहायचा, पाणी पिंपातलं आणि पेला ज्याचा त्याने आणायचा. जलाशयाभोवतीच्या रस्त्याने फेऱ्या मारत राहायचं. बेचाळीस किलोमीटर भरले की सूनबाई हात मिळवणार. संपलं!

"बक्षीस काय असतं?" काकांनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

"मग पळतात कशाला?"

"आनंदासाठी."

काकांनी डोळे बारीक केले. "आनंद पांघरुणात मिळतो, सूनबाई. एवढ्या थंडीत अंगातले कपडे काढून जो पळतो, तो एक तर चोर असतो, नाहीतर त्याच्यामागे पोलीस असतात."

सूनबाईंची अडचण वेगळीच होती. आदल्या वर्षी लोकांनी कोट-स्वेटर कठड्यावर टाकले होते आणि कोणाचं तरी नवं कोरं जाकीट गायब झालं होतं. या वर्षी राखायला भरवशाचं माणूस हवं होतं.

"मी राखतो!" काका गरजले. "एक दोरा इकडचा तिकडे होणार नाही. चिठ्ठी नको, बिल्ला नको, काही नको!" मग थोरल्याकडे वळून म्हणाले, "आणि सगळे कपडे ज्याचे त्याला गेले, तर?"

थोरला हसला. "तर सोमवारपासून काउंटर तुमचं. यंत्र माळ्यावर टाकतो. पण एक जरी चुकला, बाबा, तर काउंटरचं नाव काढायचं नाही."

"ठरलं!"

"अहो, चिठ्ठ्या लावून घ्या," काकू आतून म्हणाल्या.

"तू कोणाच्या बाजूची?" काका म्हणाले.

रविवारी पहाटे जलाशयावर असं धुकं होतं, की माणसाला स्वतःची चप्पल दिसत नव्हती. फाटकाजवळच्या पंपघराची खोली काकांना दिलेली होती. आत एक शेगडी, एक बाक, आणि बाकावर पंपवाला. काका दारात उभे राहिले, नजर ससाण्याची आणि नाक थंडीने टोमॅटोसारखं.

धावणारे आले. कानटोप्या डोळ्यांपर्यंत, मफलर नाकापर्यंत. फटीतून नुसती वाफ बाहेर येत होती, इंजिनासारखी. एकेक जण दारात कोट काढून काकांच्या हातात टाकायचा आणि कुडकुडत धुक्यात पळून जायचा. सूनबाई बाजूला उभ्या राहून दंडावर नंबर घालत होत्या. काकांनी प्रत्येक कोट नीट पाहून घेतला, शिवण पाहिली, कॉलर पाहिली. सगळं डोक्यात पक्कं!

फक्त एक गोष्ट राहिली. कोटांच्या आतली तोंडं काही दिसली नव्हती.

शर्यत सुटली. आता तीनचार तास काम नाही. रिकामा हात लाँड्रीवाल्याला सोसत नाही. काकांनी आधी सवयीप्रमाणे कपड्यांची विभागणी केली. लोकर लोकरीत, गडद गडदात, फिका फिक्यात. मग, सवयीप्रमाणेच, खिसे तपासायला घेतले. लाँड्रीत खिसे तपासल्याशिवाय कपडा पुढे जात नाही. एखादं पेन आत राहिलं तर अख्ख्या टबाचा रंग बदलतो!

पहिल्या खिशात एक चिठ्ठी निघाली. तिच्यावर नुसता आकडा. दुसऱ्या खिशात दुसरी चिठ्ठी, दुसरा आकडा. तिसऱ्यातही तेच!

काका हळूच दाराकडे सरकले, बाहेर डोकावले आणि परत आले.

"पंपवाले, जागे आहात?"

"नाही," पंपवाला म्हणाला.

"ऐका. प्रत्येक कोटावर कोणीतरी आधीच नंबर टाकून ठेवलाय. कोणता कोणी उचलायचा ते ठरलंय! टोळी आहे ही."

पंपवाल्याने एक डोळा उघडला. "धावणाऱ्यांची?"

"बक्षीस नाही, पदक नाही, तरी पळतात. मी म्हणत होतोच! अंगावर जुनं घालून यायचं आणि जाताना नवं उचलायचं."

"मग आता?"

"आता काय! काढतो त्यांचा काटा." आणि काकांनी सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून शेगडीत टाकल्या. पंपवाल्याने हात शेकून घेतले. चिठ्ठ्या चांगल्या पेटल्या.

उन्हं वर आली, पण ऊब काही आली नाही. पहिला गडी रेघ ओलांडून आला. अंगात बनियन आणि अर्धी चड्डी, तोंड लालभडक, केस कपाळाला चिकटलेले. सूनबाईंनी हात मिळवला. तो दात वाजवत पंपघराच्या दारात उभा राहिला.

"काका, माझा कोट."

काकांनी त्याला वरून खाली पाहिलं. मग खालून वर पाहिलं. डोक्यात सगळे कोट रांगेने उभे होते, पण या उघड्या माणसावर त्यातला एकही बसेना! जन्मभर ओळख होती ती कपड्यातल्या माणसांची. बिनकपड्यांचं गिऱ्हाईक त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"कोणता कोट?"

"काळा."

"काळे ढीगभर आहेत. खूण सांगा."

"खूण... दोन बाह्या आहेत."

"बाह्या सगळ्यांना दोनच असतात! खिशात काय आहे?"

"किल्ली."

"कसली?"

"घराची, काका! द्या ना, गारठलो!"

"किल्ली काय, कोणाच्याही खिशात असते. जा, कुलूप घेऊन या!"

तोवर मागे रांग लागली. दुसरा, चौथा, दहावा. सगळे लाल, सगळे ओले, सगळे सारखे. कोणी जागच्या जागी उड्या मारत होतं, कोणी बगलेत हात घालून कण्हत होतं.

काकांनी हात वर केला. "गडबड चालणार नाही! मी खिशातली वस्तू दाखवणार. ज्याची असेल त्याने पुढे यायचं. खोटं बोललात तर कोट मिळणार नाही."

पहिला तपकिरी कोट वर आला. "सिगारेटचं पाकीट आणि काडेपेटी. कोणाची?"

रांगेत व्यायामशाळेचे मास्तर उभे होते. मागे त्यांचे सात-आठ चेले. मास्तर रोज त्यांना छातीवर हात मारून सांगायचे, "धूर म्हणजे विष!" आता मास्तरांचा हात छातीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"मास्तर, तुम्ही सकाळी तपकिरी घातला होता ना?" एका चेल्याने विचारलं.

"मी? छे! मी असाच आलो. उघडा!" मास्तर म्हणाले आणि त्यांचे दात असे वाजले, की तबलजीने मान डोलवावी.

काकांनी कोट बाजूला ठेवला. "पुढचा. राखाडी. खिशात टॉफ्या. मूठभर! आणि खाल्लेल्यांचे कागद वेगळे."

दातांचे डॉक्टर एकदम आकाशात पाहू लागले. त्यांच्या दवाखान्यातून टॉफीचं नाव काढलं म्हणून ओरडा खाऊन रडत बाहेर आलेली दोन पोरं आईबरोबर समोरच उभी होती.

"डॉक्टरकाकांचा आहे तो!" धाकटं ओरडलं.

"नाही रे बाळा, माझा निळा आहे," डॉक्टर म्हणाले. ओठ तेवढे निळे झाले होते खरे.

तिसरा कोट चांगला उंची होता. आतून रेशमी अस्तर. काकांनी खिशातून दोन कागद काढून डोळ्यांजवळ धरले. "नाटकाची तिकिटं. गेल्या रविवारची. दोन!"

विमा कंपनीतले साहेब रांगेतून हळूच मागे सरकले. पण मागे त्यांची बायको थर्मास घेऊन उभी होती.

"अहो, हा तुमचा कोट."

"माझा? माझ्यासारखा आहे."

"मी दिलाय वाढदिवसाला! गेल्या रविवारी तुम्ही ऑफिसात होता ना?"

"हो... म्हणजे..."

"दुसरं तिकीट कोणाचं?"

सगळी रांग थंडी विसरली. पंपवालासुद्धा उठून बसला.

"सांगता की जाऊ माहेरी?"

"आईचं!" साहेब किंचाळले. "आईला घेऊन गेलो होतो!"

मग बाई थंड आवाजात म्हणाल्या, "तुमची आई? जिने मला पाहुण्यांदेखत दिवाणखान्यातून उठवलं, ती? दुसरी एखादी बाई असती तरी मी समजून घेतलं असतं!" आणि त्यांनी काकांच्या हातातून कोट ओढला, स्वतःच्या अंगात घातला, थर्मास उचलला आणि चालू लागल्या. साहेब बनियनवर मागे धावले. जाणकार म्हणतात, त्या दिवशी सगळ्यात वेगाने कापलेलं अंतर तेच.

त्यानंतर रांगेत कोणी पुढे येईना! प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघायला लागला, याच्या खिशात काय असेल? आणि मग आठवायला लागला, आपल्या खिशात काय आहे? काका एकेक कोट उचलायचे आणि समोरून आवाज यायचा, "माझा नाही!" "माझाही नाही!" खिशात फक्त रुमाल आणि किल्ली असलेले चारदोन सज्जन तेवढे कोट घेऊन गेले, तेही मान ताठ करून. बाकीचे उघडेच उभे.

काकांचा संशय आता पक्का झाला. "पाहिलंत, पंपवाले? एकाचाही कोट नाही. मग हे आले कोणाच्या कोटात?"

शेवटी थंडी सोसेना, तेव्हा काही जण अंग गरम करायला पुन्हा पळायला लागले. तिकडे रेघेवर वेळ टिपणाऱ्या गुरुजींना वाटलं, यांची शर्यत अजून चालूच आहे. त्यांनी पहिल्या आलेल्या माणसाचं नाव खोडून शेवटी टाकलं! तो भांडायला आला, तेव्हा सूनबाई धावत पंपघराकडे आल्या.

"बाबा, हे काय चाललंय? माणसं गारठून मरतील!"

"चुकीच्या हातात एक कपडा जाणार नाही, सूनबाई. शब्द दिलाय."

"अहो पण सोपं आहे ते! मी काल नंबर देतानाच सगळ्यांना हळूच सांगितलं होतं, नंबराची चिठ्ठी खिशात ठेवा म्हणून. तुम्हाला राग येईल म्हणून बोलले नाही. दंडावरचा नंबर बघा, चिठ्ठी बघा, झालं!"

पंपवाल्याने अदबीने शेगडीकडे बोट केलं.

"मी हात शेकले," तो म्हणाला. "छान शेकले."

तेवढ्यात थोरला टेम्पो घेऊन आला. त्याने बायकोचा चेहरा पाहिला, बापाचा पाहिला, आणि लाल माणसांची रांग पाहिली. त्याने सरळ खोलीचं दार सताड उघडलं आणि म्हटलं, "घ्या, ज्याचं त्याने घ्या!"

पण कोणी हात लावेना. कोट घेतला की खिसा कबूल केल्यासारखं! मंडळी बनियनवरच, एकमेकांकडे तिरकं बघत, उरल्यासुरल्या धुक्यात विरघळून गेली.

टेम्पोत ढीग भरताना थोरला एवढंच म्हणाला, "बाबा, एक चुकला असता तरी चाललं असतं. तुम्ही अख्खी गाडी भरलीत. आता काउंटर विसरा."

घरी काका भिंतीकडे तोंड करून पडले. काकूंनी विचारलं, "जेवता ना?" ते म्हणाले, "त्यात काय घातलंय?" पण नेहमीचा दम नव्हता. माणूस खचला होता.

सोमवारी सकाळी थोरल्याने यंत्र पुसलं आणि काउंटरवर बसला. दार उघडलं. मफलरने तोंड झाकलेला एक भक्कम गृहस्थ आत आला.

"काका नाहीत?"

"मी आहे ना, बोला मास्तर."

"नको. मी नंतर येतो."

मग डॉक्टर आले. "काका कधी बसतात?" मग आणखी एक, मग दोन बायका, मग एक पोलीस! प्रत्येकाचं एकच, काकाच हवेत. थोरला नुसता पावत्यांचा कागद चाचपत बसला. जे एकाला कळलंय, ते दुसऱ्याला कशाला कळू द्यायचं? दुपारपर्यंत एक रुपयाचं गिऱ्हाईक थांबलं नाही.

संध्याकाळी थोरल्याने स्वतः जाऊन वडिलांना उठवलं. काका काउंटरवर बसले आणि लोक एकेक करून आत आले, खाली मान घालून, कानात कुजबुजून आपला कोट घेऊन गेले. जाताना धुवायला आणखी दोन कपडे ठेवून गेले, न मागता!

"बघ," काका थोरल्याला म्हणाले, "शेवटी माझ्या डोक्यावरच विश्वास आहे लोकांचा."

थोरल्याने यंत्र माळ्यावर टाकलं. काउंटर काकांकडेच राहिलं, अगदी शेवटपर्यंत. काका गेले त्या दिवशी मास्तर, डॉक्टर, विमावाले साहेब, सगळे घरी आले होते आणि खूप वाकून काकांचा चेहरा बघत होते.

"केवढी माया होती सगळ्यांची!" थोरला गहिवरून म्हणाला.

"माया कसली," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "खात्री करून घेताहेत."

कडककाका वारले ते धाकटीची मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी, फेब्रुवारीत, मंगळवारी सकाळी.