चौसष्ट फुग्यांचं सीताफळ

हवा ही जगातली एकमेव वस्तू आहे, जी सगळीकडे फुकट असते आणि तरी माणसाला ती कुठे ना कुठे भरावीशी वाटते.

जळकोटच्या एका शाळेनं वेशभूषा स्पर्धेच्या परिपत्रकात हे सत्य कलमवार मांडलं होतं. वेशभूषा (अ) स्वस्त, (ब) घरी केलेली व (क) शक्यतो फुग्यांची असावी. नांदेडहून भाड्यानं आणलेल्या पोशाखाची 'गंभीर नोंद' घेतली जाणार होती (कोणत्या वहीत, ते कळवलं नव्हतं).

किराणा दुकानदार पंचाक्षरींनी परिपत्रक दोनदा वाचून कपाळाला लावलं. शिवकीर्तन ऐकून ऐकून त्यांचं मन इतकं मऊ झालं होतं की त्यांना विजेचं बिलसुद्धा उपदेशपर वाटे. त्यांची शिवांगी दुसरीत. गेल्या वर्षी ती ढग झाली होती. पण तिचा नंबर यायच्या आतच कार्यक्रम आटोपला आणि पाठ केलेल्या चार ओळी पोरीच्या पोटातच राहिल्या. यंदाच्या चार ओळी तरी माईकवर निघाव्यात, एवढंच त्यांनी देवाकडे मागितलं होतं.

"अप्पा, यंदा मी सीताफळ व्हणार," शिवांगीनं जाहीर केलं.

कृती सोपी. कांद्याचं जाळीदार पोतं घ्यावं. डोक्याला एक, हातांना दोन भोकं पाडावीत. चौसष्ट हिरवे फुगे पेरूएवढे फुगवून जाळीला दोऱ्यानं बांधावेत. (सेफ्टीपिन वापरू नये. हा नियम चार फुगे गेल्यावर करण्यात आला.) पंचाक्षरी प्रत्येक फुग्यात शिवनाम घेऊनच फुंकत, त्यामुळे फुगे एकसारखे आणि सात्त्विक झाले.

"आवो, पोरीला कांद्याचा वास येऊन राहिला की," त्यांची बायको सुकन्या म्हणाली.

"येऊ दे. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी तरी येईल."

सकाळी नऊला शिवांगी मैदानात उभी राहिली. उभीच, सीताफळाला बसता येत नाही. मांडव पाहुण्यांपुरता होता. तिचा नंबर अकरावा, म्हणजे फार तर साडेनऊ. पण स्पर्धेआधी सत्कार होते.

सत्काराचं आपल्या भागात एक शास्त्र आहे. ज्याचा होतो तो चार दिवसांत विसरतो. ज्याचा राहतो तो चार पिढ्या लक्षात ठेवतो. म्हणून कोणाचाच राहू द्यायचा नाही. अध्यक्षांचा झाला. उपाध्यक्षांचा झाला. मांडववाल्याचा झाला. शाली पुरवणाऱ्याचा, त्याच्याच शालींपैकी एक घालून झाला.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि पहिला फुगा फुटला. त्यांना वाटलं, आपल्यासाठी फटाके. त्यांनी हात जोडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, भाषण दहा मिनिटांनी वाढलं. भाषण वाढलं की ऊन वाढे, ऊन वाढलं की फुगा फुटे, फुगा फुटला की टाळ्या पडत, आणि टाळ्या पडल्या की भाषण वाढे. अकरा वाजेपर्यंतचा तपशील असा: उन्हानं चोवीस, शेजारी उभ्या सहा राण्यांच्या तलवारींनी बारा, आपणहून एक (त्याला वैराग्य आलं असावं). शिल्लक सत्तावीस.

"अप्पा, मी सोलून निघायले," शिवांगी म्हणाली.

पंचाक्षरींचा संयम सुटला. "लेकरं उन्हात वाळून राहिली अन् ह्यांला शाली लागायल्यात! मी वर असतो ना, तर म्हटलो असतो, आधी लेकरं."

"मग जावा की वर," सुकन्या म्हणाली. "हितं मला काय सांगून राहिलाव?"

पंचाक्षरी तडक मंचाकडे निघाले. मुख्याध्यापक मृत्युंजय सरांनी त्यांना येताना पाहिलं. मंचाकडे चालत येणारा माणूस सत्कारासाठीच येतो, हा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव. नाव राहिलं वाटून ते घाबरले आणि माईकवर म्हणाले, "स्वस्त वेशभूषेचे आदर्श पालक, श्रीयुत पंचाक्षरी!" शाल पडली, नारळ आला, "दोन शब्द बोला" म्हणून माईकही आला.

पंचाक्षरी एकच वाक्य बोलणार होते. पण शाल ऊबदार होती, माईक खणखणीत होता, आणि अठरा वर्षं खाली बसून ऐकलेलं कीर्तन वर चढायची वाट बघत होतं. 'देह म्हणजे फुगा' असा त्यांनी पूर्वरंग लावला. दृष्टांतागणिक खालून फट्, फट् आवाज येत होता. श्रोते रंगलेत असं समजून त्यांनी उत्तररंगही घेतला. पस्तीस मिनिटं. सत्तावीस फुगे.

शिवांगीचा नंबर आला तेव्हा पोत्यावर नुसती हिरवी चिंधुकं लोंबत होती. चार ओळींची सुरुवात 'मी हिरवंगार सीताफळ' अशी होती. तिनं खाली स्वतःकडे पाहिलं, शालीतल्या बापाकडे पाहिलं आणि माईकमध्ये म्हणाली,

"मी सीताफळ व्हते. मोठ्या माणसांनी खाल्लं."

आणि उतरली. उरलेल्या तीन ओळी तिनं कोणाला म्हणून दाखवल्या नाहीत.

तुम्हाला पंचाक्षरींचं हसू आलं असेल. येऊ द्या. फक्त एक निरोप आहे: पुढच्या वर्षीच्या सत्कारांत 'सुजाण वाचक' म्हणून एक जागा काढली आहे आणि तुमचं नाव सुचवलं गेलं आहे. शाल आहे, नारळ आहे, माईक चालू आहे. दोनच शब्द बोलायचे.

उठलात? वाटलंच होतं. या, वर या. पोरं काय, उभी राहतील.