गोविंदभाऊ पेन्शन बघायला जातात

पेन्शन फंडाच्या ऑफिसात नारळ घेऊन जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि दुर्दैवाने त्या वेळी मी त्याच्याबरोबर होतो. गोविंदभाऊंनी काउंटरवरच्या मुलाच्या हातात नारळ ठेवला, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आम्ही बोर्लीहून आलो. बघायला." मुलाने नारळ खालीवर फिरवून पाहिला आणि तो साहेबांना बोलवायला आत गेला. आम्ही पाच जण होतो. बघायला जाताना पाच माणसं हवीत असा गोविंदभाऊंचा नियम आहे, आणि माझं औषधांचं दुकान त्यांच्या घरासमोर असल्यामुळे पाचवा नेहमी मीच असतो.

गोविंदभाऊ मूळचे तळा तालुक्यातल्या एका खेड्यातले. तरुणपणी टेम्पो घेऊन बोर्ली पंचतनला आले ते इथलेच झाले. कौलं, सिमेंट, पत्रे, लग्नातली भांडी, जे म्हणाल ते त्यांनी तळ्यापासून दिघीच्या जेटीपर्यंत पोचवलं. माल मागच्या दाराला उतरतो. त्यामुळे आसपासच्या गावांतल्या घरांची मागची बाजू त्यांना तोंडपाठ. कोणाच्या मोरीत खरकटी पडून असतात, कुठे सून चुलीपाशी एकटी जेवते, कोणाचा मुलगा आईच्या हातातून पाण्याचा हंडा घेतो, हे सगळं त्यांना ठाऊक. "पुढचं दार पावन्यांसाठी असतं, डॉक्टर," ते मला सांगतात. मी डॉक्टर नाही, पण गोळ्या विकणारा तो डॉक्टर असं त्यांचं साधं गणित आहे.

एवढी माहिती पोटात असलेला माणूस लग्नं जमवणार हे ओघानेच आलं. मोबदला म्हणून एक कप चहा. पण मुलाकडचे, मुलीकडचे, मामा, काका सगळ्यांचं जमलं, सुपारी फुटायची वेळ झाली की गोविंदभाऊ घसा खाकरून विचारायचे, "मुलीला विचारलं का?" मग ते मुलीला मागे विहिरीपाशी न्यायचे, बाकीच्यांना ऐकू येणार नाही इतक्या लांब, आणि तिला एकटीला विचारायचे. ती नाही म्हणाली तर लग्न तिथेच मोडायचं. का, ते कोणाला सांगायचे नाहीत. त्यांनी जमवलेली लग्नं जास्त की मोडलेली, यावर गावात दोन तट आहेत. एका मुलीच्या बापाने तर त्यांच्या टेम्पोच्या चाकातली हवा सोडली होती.

पुढे हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं, की ग्रामसभेत रस्त्याच्या दिव्याचा ठराव आला तरी ते उठून विचारत, "मुलीला विचारलं का?" म्हणजे ज्याच्या खिडकीसमोर दिवा लागणार त्याला विचारलं का. सरपंचांना हे समजायला एक अख्खी मुदत गेली.

स्वतः मात्र बिनलग्नाचे. कोणी छेडलं तर म्हणतात, "सगल्यांना पोचवनारा शेवटी गाडीतच झोपतो." घरात दोनच माणसं, ते आणि त्यांची धाकटी बहीण सुमनताई. सुमनताईंचं लग्न झालं होतं, पण वर्ष व्हायच्या आत त्या परत आल्या. त्यालाही आता फार काळ लोटला. मागच्या पडवीत बसून त्या मजुरीवर सुपारी सोलतात. बोलतात अगदी कमी, आणि जे बोलतात ते बहुतेक "चालंल". चहा ठेवू का? चालंल. जत्रेला येता? चालंल. एकदा माझ्या दुकानात खोकल्याचं औषध संपलं होतं, तेव्हा मी सहज विचारलं, तापाचं देऊ का, तर त्यावरही त्या चालंल म्हणाल्या होत्या.

गेल्या वर्षी गोविंदभाऊंच्या गुडघ्यांनी क्लच दाबायला नकार दिला. टेम्पो विकला आणि हातात एकरकमी पैसे आले. गोविंदभाऊंच्या हातातले पैसे म्हणजे कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाचा मांडव, हे सगळ्या गावाला माहीत. मांडववाले येऊ लागायच्या आत मी म्हटलं, भाऊ, हे पेन्शन फंडात घाला. आयुष्यात पोस्टाची पायरी न चढलेला माणूस दोन दिवस विचार करत बसला. मग येऊन म्हणाला, "माजं काय, मी कुटंही पडंन. माज्यामागं सुमीचं काय? तिला मिलनार असंल तर बघू." आणि बघू म्हणजे त्यांच्या लेखी एकच गोष्ट. घडी मोडून नवा सदरा काढला आणि नारळ आणला.

त्या पहिल्या ऑफिसात साहेबांनी आम्हाला गार हवेत बसवून पंधरा वर्षांनी काय होईल ते रंगीत चित्रांत दाखवलं. गोविंदभाऊ मान डोलवत होते. मग "जरा हात धुऊन येतो" म्हणून जे गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी शोधायला गेलो तर इमारतीच्या मागे, जनरेटरशेजारी, तिथल्या शिपायाच्या डब्यातली भाकरी खात बसलेले. "याचा पगार दोन म्हैने झाला न्हाय," ते मला म्हणाले. "घरच्या मानसाला जेवायला न्हाय आनि मला म्हातारपनी घालनार." आम्ही परत निघालो. नारळ तिथेच राहिला. तो मागून आणायला हवा होता, असं आमच्यातल्या चौघांचं मत पडलं.

दुसरं स्थळ घरी आलं. टाय लावलेला एक उमदा मुलगा, हातात लॅपटॉप. सुमनताईंनी कांदेपोहे आणले, गोविंदभाऊंनी मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि आधी त्याचे मामा कुठले ते विचारून घेतलं. मुलाने आलेख उघडला. रेघ वर चढत होती, मध्येच धाडकन खाली, पुन्हा वर. गोविंदभाऊ चष्मा लावून तिच्याकडे पाहत राहिले.

"ही चिडकी हाय," ते म्हणाले.

"काका, लाँग टर्ममध्ये ही वरच जाते."

"जाईल की. पन रोज आदलआपट. हिच्यासंगं घरात राहायचं कोनी?"

मुलाने दुसरी रेघ दाखवली. ही सरळसोट, शांत. गोविंदभाऊंना तिची दया आली. "ही गरीब हाय बिचारी. पन हिच्या पगारात दोन मानसं कशी भागनार?" मग मुलाने शेवटचं अस्त्र काढलं. सगळं मोबाइलवर करता येतं, म्हणाला, एकमेकांना भेटायचीही गरज नाही. तिथे गाडी अडली. मोबाइलवर जमलेली दोन लग्नं मोडल्यावर मुली सामानासकट गोविंदभाऊंच्याच टेम्पोतून माहेरी आल्या होत्या. त्या मुलाला पोह्यांची दुसरी बशी देऊन निरोप दिला गेला.

या प्रकारात वर्ष सरत आलं. पैसे बचत खात्यात पडून होते आणि मांडववाले कुंपणाशी घुटमळू लागले होते. मला काळजी वाटायला लागली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. एवढा खल तर कोणी मुलीसाठीही करत नाही, असं मी एकदा बोलूनही दाखवलं. "करत न्हाईत," गोविंदभाऊ म्हणाले, आणि उठून गेले.

मग प्राजक्ता आली. म्हसळ्याकडची मुलगी, स्कूटरवर फिरून फंडाचं काम करणारी. गोविंदभाऊंनी तिला पहिलाच प्रश्न विचारला, "तू सोता घेतलास काय ह्यो फंड?" ती म्हणाली, "न्हाय काका. अजून परवडत न्हाय. पुढल्या वर्षी घेणार." गोविंदभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. हे लक्षण मला ठाऊक होतं. आपल्यावर कर्ज आहे असं मुलाने मुलीच्या बापाला आपणहून सांगितलं की ते असंच पाहतात.

प्राजक्ताने घाई न करता समजावलं. पैसे थोडे चिडक्या रेघेवर, बाकीचे गरीब रेघेवर, आणि वय वाढेल तसं चिडकीकडचं कमी करत न्यायचं. साठीनंतर दर महिन्याला पेन्शन. गोविंदभाऊंनी नेहमीचा प्रश्न विचारला, माझ्यामागे सुमीला मिळेल का. ती म्हणाली, ऑफिसात विचारून सांगते. आठवड्याने येऊन तिने सांगितलं की मिळेल, बहिणीचं नाव दुसरं लावता येतं, भाऊ गेल्यावर तिला तेवढीच पेन्शन चालू राहील. सगळं जमलं. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला.

गोविंदभाऊंनी घसा खाकरला.

"आता मुलीला विचारायचं," ते म्हणाले.

"कुठल्या मुलीला?" प्राजक्ताने विचारलं.

"सुमीला. मी गेल्यावर तिलाच हेच्यासंगं राहायचंय." मग आवाज खाली आणून ते तिला बजावू लागले. "मागं विहिरीपाशी जा. नीट समजाव. भावानं ठरवलंय असं म्हनू नको. आनि न्हाय म्हनाली तर का म्हनून विचारू नको."

प्राजक्ता मागे गेली. आम्ही दोघे पुढच्या ओटीवर बसलो. गोविंदभाऊ टोपी काढून गुडघ्यावर ठेवत होते, पुन्हा डोक्यावर घालत होते. मी काही विचारलं नव्हतं.

"सुमीचं मीच जमवलं व्हतं," ते म्हणाले. "पयलंच. कौलं उतरवायला गेलो व्हतो. घर चांगलं, अंगन सारवलेलं. कौलं अंगनातच उतरवली, मागल्या दाराला गेलोच न्हाय. घरी येऊन सांगितलं, ठरलं म्हनून. त्या दिवशी तिनं घरातली पितलेची सगली भांडी चिंचेनं घासून काढली. मला वाटलं, खूश हाय." टोपी परत गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "तिला विचारलं न्हवतं, डॉक्टर."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. इतकी वर्षं आम्ही सगळे त्या वाक्यावर हसत आलो होतो. मला फार वाईट वाटलं.

प्राजक्ता आली ती चेहरा पाडूनच. "काका, त्या नको म्हणतात."

"न्हाय म्हनाली?" गोविंदभाऊ उभे राहिले. "तोंडानं?"

"हो. म्हणाल्या, भाऊ गेल्यावर सुरू होणारं मला काही नको. त्याचं त्याला घेऊ दे, आणि खूप वर्षं खाऊ दे. मला माझ्या सुपारीच्या पैशांतून माझ्या नावावर वेगळं काढायचंय. थोडं का होईना." आणि ती ओशाळून म्हणाली, "का ते मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं."

वर्षभराची मेहनत पाण्यात गेलेला माणूस असा दिसत नाही. गोविंदभाऊंनी टोपी डोक्यावर नीट बसवली, डोळे पुसले आणि आतल्या दिशेने हाक मारली, "सुमे, पावन्यांना पोहे टाक."

"तूच टाक," मागून आवाज आला. "तिला हिकडं धाड. मला अजून विचारायचंय."

मी त्या घरासमोर इतकी वर्षं दुकान चालवतो, पण गोविंदभाऊंना स्वयंपाकघरात जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते गेले. बऱ्याच आदळआपटीनंतर पोहे आले, थोडे करपलेले. मागून त्या दोघीही ओटीवर आल्या आणि आम्ही चौघांनी बशा हातात घेतल्या. मी आणि प्राजक्ता निमूटपणे खाऊ लागलो. सुमनताईंनी एक घास खाल्ला आणि बशी खाली ठेवली.

"मीठ न्हाय," त्या म्हणाल्या.

गोविंदभाऊंनी माझ्या दंडाला हात लावला. "ऐकलंत ना, डॉक्टर?" असं हळूच म्हणून ते मीठ आणायला आत गेले.